तेल ओळखणारी बोटं

आमच्या घरात भाकरीलाही इंजिनच्या तेलाचा वास यायचा, आणि तो आम्हाला स्वतःला येत नाही, हे मला शाळेत कळलं. बाकावर शेजारी बसणारी मुलगी मधल्या सुट्टीत जरा सरकून बसली, तेव्हा मला आधी वाटलं की जात आडवी आली. तशी ती यायचीच, त्यात नवल नव्हतं. पण ती बिचारी म्हणाली, "तुह्या डब्याले मोटारीचा वास येते." मी डबा नाकाशी धरला, तर मला ज्वारीच्या भाकरीचा आणि जवसाच्या चटणीचाच वास आला. घरी येऊन मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग काय अत्तराचा येईन?" आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. ह्या बाईला रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येत नसे. ती काम हातात द्यायची.

पांढरकवड्याला, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक लांबट पत्र्याची शेड होती. तिच्या पुढच्या भागात बाबांचं गॅरेज आणि मागच्या भागात आम्ही. मध्ये तरटाचा पडदा. त्या पडद्याच्या अलीकडे चूल, पाण्याचा माठ, मायचं जातं, माझी दप्तराची पिशवी आणि भिंतीवर दोन नव्या तसबिरी. घरातले जुने देव आमच्या लोकांनी नुकतेच नदीत सोडले होते, आणि त्यांच्या कोनाड्यात माय आता माझी पुस्तकं ठेवायची. पलीकडे तेलाचे ड्रम, घण, जॅक, उघडी इंजिनं आणि पंजाबपासून मद्रासपर्यंतच्या ड्रायव्हरांची बोली. दिवसभर पत्र्यावर ऊन तापायचं आणि पत्र्याखाली आम्ही. ट्रकांचे ब्रेक कर्कश ओरडायचे, ड्रम गडगडत यायचे, कुणीतरी इंजिन जोरात चालवून बघायचं आणि माठावरचा पेला थरथरायचा. अजूनही भांडं भांड्याला लागून बारीक वाजलं की मला दुपार झाली असं वाटतं, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत.

बायकांनी पडद्याच्या पलीकडे जायचं नाही, असा बाबांचा नियम होता. बाई समोर आली की गिऱ्हाईक काम सोडून गप्पा मारतं, असं ते सांगायचे. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच.

बाबांना सगळे दामू मिस्त्री म्हणत. लढाईच्या काळात ते फौजेच्या मोटारींच्या कारखान्यात होते, तिथून हा धंदा शिकून आले. गाडी दुरुस्त करणारे रस्त्यावर इतरही होते, पण तेलासाठी लोक बाबांकडे यायचे. त्या काळी बंद डब्यातलं तेल क्वचित मिळायचं, बहुतेक ड्रममधलं सुटं. वापरलेलं काळं तेल गाळून, त्याला रंग आणून, नवं म्हणून विकणारे बदमाश गावोगावी होते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत. बाबा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचे, हळूहळू चोळायचे, बोटं लांब करून तार किती निघते ते बघायचे आणि सांगायचे, हे खरं, हे भेसळीचं. चालू इंजिनातलं तेल घेतलं तर त्यात पेट्रोल उतरलंय का, बेअरिंगचा बारीक चुरा येतोय का, हेही ते बोटांनीच सांगत. मी लहान असताना हा आमचा खेळ होता. बाबा माझ्या बोटांवर थेंब ठेवायचे, मी डोळे मिटायचे आणि तीस नंबर की चाळीस ते ओळखायचे. जितका आकडा मोठा तितकं तेल दाट, एवढं साधं गणित. बरोबर आलं की खडीसाखर. खडीसाखरेपायी मी फार हुशार झाले.

मग एके दिवशी पेट्रोलने भाग धुताना ठिणगी पडली आणि बाबांचे दोन्ही हात भाजले. मी तेव्हा सातवीत होते. माय कितीतरी दिवस त्यांना हाताने भरवत होती, आणि भरवून घेताना त्यांना इतकी लाज वाटे की ते डोळे मिटून जेवत. जखमा भरल्या. हातोडा, पाना सगळं पूर्वीसारखं धरता येऊ लागलं. पण तळव्यांवर आणि बोटांवर जी नवी कातडी आली ती गुळगुळीत, चकचकीत आणि मुकी होती. एकदा उकळत्या चहाचा पितळी पेला त्यांनी असा शांतपणे हातात धरला की माय ओरडली. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, आणि पेला खाली ठेवला.

त्यानंतर दोन-चार दिवसांतलीच गोष्ट. बाहेर कुणीतरी ड्रायव्हर तेल दाखवायला घेऊन आला होता. बाबा पडदा सारून आत आले, मोठ्याने म्हणाले, "इंदू, पाणी दे," आणि मी पेला पुढे केला तर त्यांनी पेला न घेता आपल्या बोटावरचं तेल माझ्या बोटांवर पुसलं. हळूच म्हणाले, "सांग." मला वाटलं जुना खेळ. मी डोळे मिटून चोळलं आणि म्हटलं, जुनं तेल आहे, गाळलेलं. ते पाणी प्यायले, बाहेर गेले, आपली मुकी बोटं ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर छान चोळली आणि तेच सांगितलं. खडीसाखर काही आली नाही. तेव्हा मला समजलं की हा खेळ नाही.

पुढची कितीतरी वर्षं हेच चाललं. "पाणी पिऊन येतो जरा," असं बाबा गिऱ्हाइकाला म्हणायचे आणि मी जिथे असेन तिथून उठून पडद्यामागे हजर व्हायचे. डोक्याला तेल लावत असले तरी, पुस्तक हातात असलं तरी, अंगात ताप असला तरी. ड्रायव्हर लोक हसायचे, मिस्त्रीच्या पोटात रेडिएटर बसवला आहे म्हणायचे. बाबाही हसायचे, तेल ओळखायला डोकं थंड लागतं म्हणायचे. त्या काळात आमच्या माठातलं पाणी न पिणारी गिऱ्हाइकं पुष्कळ होती, ती स्वतःची सुरई बांधून आणत. पण त्याच माठामागे उभ्या असलेल्या पोरीच्या बोटांनी त्यांच्या गाड्या चालत होत्या, आणि याची मला तेव्हा गंमत वाटत असे. गंमत फार दिवस टिकली नाही.

कारण मला कुठे जाता येईना. मावशीचं लग्न घाटंजीला होतं, माय एकटीच गेली. मैत्रिणी जत्रेला जात, मी माठाजवळ. हाताला मेंदी लावायची नाही, तिखटाचे हात ठेवायचे नाहीत, कांदा मायनेच चिरायचा, कारण बोटांची चव बिघडते असा बाबांचा शब्द होता. बाबा वाईट माणूस नव्हते, हेच तर कठीण होतं. बाजारातून येताना माझ्यासाठी भाजलेलं कणीस शर्टाच्या आत लपवून आणायचे, पोट भाजलं तरी. माझी फी वेळेवर भरायचे. पण मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणापाशी औषधाच्या बाटलीत तेल घेऊन उभे राहायचे, आणि मला सगळ्या मुलींसमोरून जाऊन कुंपणातून हात बाहेर काढावा लागायचा. मुलींना वाटायचं बाप लेकीला खाऊ द्यायला येतो. मी रागाने लाल होऊन परत यायचे आणि पुढचा तास फळ्यावर काय लिहिलंय ते मला दिसायचं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की पत्र्याचं छत खाली खाली येतंय असं वाटायचं. लग्नाची स्थळं आली तर बाबा म्हणायचे, अजून लहान आहे. पुढे शिकायचं म्हटलं तर म्हणायचे, पाहू. म्हणजे सासरी नाही आणि शाळेतही नाही, पडद्याआडच.

मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या शाळेच्या बाई घरी आल्या. यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझी निवड झाली होती, राहायला वसतिगृह होतं, आणि पावसाळ्याच्या तोंडी, शाळा उघडायच्या आत तिथे हजर व्हायचं होतं. नाही गेले तर जागा दुसरीला जाणार होती. बाईंनी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, मान हलवली आणि म्हणाले, "पाहू." बाई खूश होऊन गेल्या, त्यांना बाबांचं पाहू माहीत नव्हतं. माय चुलीपाशी फुंकणी घेऊन बसली होती. आमच्या लोकांनी देव सोडले तेव्हा शिकायचं, हे जे काय सभेत सांगितलं गेलं होतं ते तिने एकटीनेच मनावर घेतलं असावं. तिने फुंकर इतकी जोरात मारली की राख वरणात पडली.

त्याच मे महिन्यात ती लाल गाडी आली. गावातल्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींचा मुलगा नागपूरला शिकत होता, सगळे त्याला छोटे मालक म्हणत. त्याने मुंबईहून एक बसकी, विलायती, शर्यतीची गाडी आणली होती. सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर. ती रस्त्यावरून आली की ट्रकवाले जेवण सोडून उठायचे. नागपूरच्या शौकीन दोस्तांशी त्याची पैज लागली होती: ऐन दुपारी नागपूरहून निघायचं, पांढरकवड्याला वळसा घालायचा आणि न थांबता परत जायचं. प्रश्न एकच होता, आणि त्यासाठी तो बाबांकडे आला होता, की ह्या उन्हात ह्या इंजिनात कुठलं तेल घालायचं.

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. मुलगा उमदा होता, त्याला गाडी खरंच कळत होती. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात तीस नंबर सांगितलं होतं, पण ते थंड देशाचं पुस्तक, हे तोच म्हणाला. त्याने मुंबईहून शर्यतीच्या गाड्यांचं खास तेल आणलं होतं, बंद डब्यात, आणि मोठमोठ्या शर्यतींत हेच वापरतात असं सांगितलं. बाबांनी त्याला समजावलं की ट्रकचं इंजिन भार ओढतं, हे इंजिन पळतं. पळणाऱ्या इंजिनाच्या बारीक जागांत तेल चटकन पोचायला हवं, म्हणून फार दाट चालत नाही. पण चाळीस मैल पळून तापल्यावर त्याचं पाणी झालं तर बेअरिंगं जळून जातील. बोलता बोलता बाबांनी डब्यातला थेंब बोटावर घेतला आणि म्हणाले, पाणी पिऊन येतो जरा.

पहिला थेंब माझ्या बोटांवर आला आणि मी चोळायच्या आधीच ओळखलं. बोट बोटाला धरून ठेवणारं, लांब तार सोडणारं ते तेल मला तान्हेपणापासून माहीत होतं. प्रत्येक पावसाळ्यात माय माझं नाक दाबून ते पाजायची. मी म्हटलं, बाबा, हे एरंडेल आहे. बाबांनी मान हलवली आणि परत गेले. दुसऱ्या फेरीला लाल गाडीच्या पोटातलं, नुकतंच चालून आलेलं गरम तेल आणलं. ते तीस नंबर होतं आणि पाण्यासारखं बोटांवरून पळत होतं. मला आबांची बंडी, म्हणजे बैलगाडी, आठवली. आबा म्हणजे बाबांचे वडील, बंडीच्या आसाला ते एरंडेल आणि काजळीचं वंगण लावायचे. ते वंगण आसाला असं धरायचं की उन्हातही गळायचं नाही. पण एकदा घाईत बाबांनी त्यावरच मशीनचं तेल ओतलं, तर दोन्ही एकमेकांत मिसळेनात, गाठी धरल्या आणि आस सुरीने खरवडावा लागला. "आबाच्या बंडीवानी होईन," मी बाबांना म्हटलं. "आत जुनं तेल हाय."

तिसऱ्यांदा बाबा पाणी प्यायला आले तेव्हा छोटा मालक बाहेर हसत होता, मिस्त्री फार तहानलेले दिसतात म्हणून. ह्या फेरीला बाबांनी आमच्याकडचं बंद डब्यातलं चाळीस आणि पन्नास दोन्ही आणलं, एक एका हाताच्या बोटावर, एक दुसऱ्या. मी दोन्ही चुलीजवळच्या गरम तव्याच्या कडेला धरून ऊन केली आणि मग चोळली. पन्नास तापूनही जड होतं, गाडी सुरू करताना त्याला वरपर्यंत पोचायला वेळ लागला असता. चाळीस सैल झालं होतं, पण बोटांच्या मधून निसटत नव्हतं. "चाळीस," मी म्हटलं. माझी मला इतकी खात्री होती की क्षणभर मला सगळं विसरायला झालं, पडदा, ट्रेनिंग, सगळं. ज्याला जे येतं ते करताना असं होतंच. नंतर मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, पण उदाहरण सुटल्याचा तो आनंद मला पहिल्यांदा तव्याशेजारी झाला होता.

बाबांनी बाहेर जाऊन सांगितलं की एरंडेलाचं तेल उत्तमच आहे, पण त्यासाठी इंजिन पूर्ण उघडून, धुऊन, कोरडं करायला लागेल आणि शर्यतीला तेवढे दिवस नाहीत. छोट्या मालकाला पटेना. तेव्हा बाबांनी काचेच्या पेल्यात त्याच्याच इंजिनातलं तेल आणि डब्यातलं तेल एकत्र ढवळून बाकावर ठेवलं. चहा होईपर्यंत पेल्यात दोन थर वेगळे झाले आणि मध्ये गढूळ साय धरली. मुलगा समजूतदार, पेल्याकडे बघून म्हणाला, "चाळीस घाला, मिस्त्री."

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर होतं. मी नव्हते. मी पडद्याआडून फक्त आवाज ऐकला, लाल गाडी आमच्या दारावरून वळसा घेऊन गेली तेव्हा माठावरचा पेला असा थरथरला की खाली पडला. संध्याकाळी बातमी आली की दोस्तांच्या गाड्या वाटेतच उकळून थांबल्या आणि लाल गाडी नागपूरला पोचली. बाबांना लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मायने त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या, आणि मी खाल्ल्याही. पण बाबांचं नाव जितकं मोठं तितकी माझ्या पडद्याची सुतळी घट्ट, एवढं मला कळत होतं.

दोन दिवसांनी छोटा मालक आला, मिठाई घेऊन. गॅरेजपुढच्या कडुलिंबाच्या सावलीत बाकावर बसला आणि म्हणाला की वडिलांशी बोलणं झालं आहे, जिनिंगच्या सगळ्या गाड्या आता ह्याच गॅरेजला येतील. अट एकच, प्रत्येक गाडीचं तेल मिस्त्रींच्या बोटांखालून गेलं पाहिजे. वर्षभर, एक दिवस न चुकता. बाबांनी एक क्षणही घेतला नाही. "चुकणार नाही," ते म्हणाले. "माहा शब्द हाय."

माझे हात पिठात होते. मी पाहिलं तर ते थांबले होते. बाईंना जाऊन पंधरवडा झाला होता, यवतमाळला जायचे दिवस तोंडावर आले होते, आणि बाबांनी माझं वर्ष उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवलं होतं. समोर माय सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं, माठातून पेला भरला, आणि पडदा सारून पलीकडे गेली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या बाजूला गेली होती. तिने पेला छोट्या मालकासमोर बाकावर ठेवला. तो घ्यायचा की नाही हे त्याला समजेना, बाबा उठून उभे राहिले. माय डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मालक, शब्द यांचा हाय, पण बोटं पोरीचे हायेत. यांच्या हाताले जळल्यापासून काहीच समजत नाही."

छोटा मालक हसला. त्याला ती थट्टा वाटली. लिंबाखाली उभे असलेले दोघे-तिघे ड्रायव्हरही हसले, आणि मग बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मला वाटलं आता बाबा मायवर हात उचलतील. कधी उचलला नव्हता, पण मला तसं वाटलं. त्यांनी हात उचलले खरे, पण दोन्ही तळवे वर करून समोर धरले, जसे भाजल्यापासून त्यांनी कुणापुढेच धरले नव्हते. उन्हात ती कातडी चकाकत होती. "खरं हाय," ते म्हणाले.

मग मायने मला हाक मारली. मी पिठाच्या हातांनी बाहेर गेले. पडद्याच्या फटीतून मला ते गॅरेज केवढं मोठं वाटायचं, पुढून पाहिलं तर ती चार खांबांची एक शेड होती. छोटा मालकही वाईट माणूस नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, मग अडचण काय आहे? मुलीने तपासावं. लपून कशाला, पुढे खुर्ची टाकून बसावं, आम्ही तिला पगार देऊ. जिल्ह्यात असं काम करणारी मुलगी कुठे असेल? ड्रायव्हर माना डोलवायला लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत अशी आशा होती की मला त्यांच्याकडे बघवेना. खरं सांगते, एक क्षण मलाही ती खुर्ची दिसली. मान मिळणार होता, सगळ्यांसमोर मिळणार होता. पण ती खुर्चीही त्याच माठापासून चार पावलांवर असणार होती. मायने मला बाहेर आणलं होतं, पुढचं ती बोलणार नव्हती.

"मले यवतमाळले जायचं हाय," मी म्हटलं. "शिकाले." माझा आवाज इतका बारीक निघाला की मला ते पुन्हा सांगावं लागलं.

जिनिंगच्या गाड्या आल्या नाहीत. काही जुन्या गिऱ्हाइकांनीही पाठ फिरवली, आपल्याला फसवलं म्हणून. ज्यांच्या गाड्या माझ्या बोटांवर इतकी वर्षं धड चालल्या त्यांची नेमकी कुठली फसवणूक झाली हे मला आजतागायत समजलेलं नाही. बाबा मायशी बोलेनासे झाले. माझ्याशी बोलायचे, पण गरजेपुरतं. मी निघाले त्या दिवशी माय मला एसटीवर घालायला आली, पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. बाबा एका ट्रकखाली शिरले होते. मी वाकून म्हटलं, बाबा, जाते. ट्रकखालून ते म्हणाले, "हो." त्यांचे पाय मात्र हलले नाहीत, म्हणजे पाना फिरत नव्हता. यवतमाळच्या वाटेवर मी खिडकीत बसून रडले, आणि रडता रडता भूक लागली म्हणून ठेचा-भाकर खाल्ली. शेजारची बाई जरा सरकून बसली. मोटारीचा वास, दुसरं काय.

वसतिगृहात मला सुरुवातीला झोप यायची नाही, कारण कुठलंच भांडं वाजत नसे. माझ्यामागे बाबांचं कसं होत असेल ह्या विचाराने मी अर्धी झाले. मनात येई की दुकान बसलं असेल, आपण बापाचे हात तोडून आणले. आता माझ्या नातवाच्या गाडीचा जमाना आहे, बंद डब्यावर आकडे छापलेले असतात, तो ते वाचतो आणि ओततो. त्याला मी सांगितलं की तेलापायी मी अशी जीव टाकत होते, तर तो हसेल.

थंडीच्या सुट्टीत घरी आले. गॅरेज बसलेलं नव्हतं. तीन ट्रक उभे होते, आणि तरटाचा पडदा वर गुंडाळून बांधला होता, उजेड पार चुलीपर्यंत येत होता. बाबा एका ड्रायव्हरसमोर उभे होते. त्यांनी तेलाचा थेंब डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथे घेतला, त्यावर उजवं मनगट ठेवलं, डोळे मिटले आणि हळूहळू चोळलं. तान्ह्या बाळाचं दूध ऊन आहे का ते बाया जिथे बघतात, तिथे. मग डोळे उघडून म्हणाले, "भेसळ हाय, घेऊ नको." मायला विचारलं, हे कधीपासून? हे कुणी शिकवलं?

"मीनंच सांगतलं होतं," माय पाटावर बसून कांदा चिरत म्हणाली. "हात जळले तवाच. भरवत होती तवा. तवा आयकलं नाही. बायकी दिसते म्हणे."

मला हसू येईना आणि रडूही येईना. इतकी वर्षं मी त्या माठापाशी उभी होते, जत्रा सोडल्या, कुंपणातून हात बाहेर काढले, आणि ज्याच्यासाठी, ते बाबांच्या मनगटावर होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजूनही पूर्ण गेलेला नाही, आणि ते जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

तेवढ्यात बाबा आत आले. "इंदू आली का," म्हणाले, आणि मग, "पाणी दे." मी पेला भरून दिला, आणि माझा दुसरा हात आपोआप पुढे झाला, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवून. मला कळलंही नाही. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. सावकाश सगळं पाणी प्यायले. मग रिकामा पेला माझ्या त्या हातात ठेवला आणि बाहेर कामाला गेले.